रोजच्या कामांमध्ये चालणं बसवायचा प्रकल्प: जानेवारी ते मे च्या नोंदी

५ जानेवारी

आजपासून लिहून ठेवतेय, म्हणजे आणखी कोणाला हेच करायचं असेल तर आमचा वाया गेलेला वेळ तरी त्यांचा वाचेल. परिस्थिती अशी: माझं काम कॉम्प्युटरवरचं, काही दिवस ऑफिस आणि बाकीचे दिवस घरून, त्यामुळे जागेपणीचा बहुतेक वेळ खुर्चीत जातो. दोन मजले चढले की दम लागतो आणि ते आता खटकायला लागलंय. आईचं वय ६८, गुडघे अधूनमधून दुखतात, आणि तिची साखर बॉर्डरवर आलीये, डॉक्टर म्हणाले औषध लगेच नको पण चालणं वाढवा. मग दोघींचं मिळूनच करू म्हटलं.

पहिला आठवडा काहीच बदलायचं नाही, फक्त मोजायचं. आत्ता किती चालणं होतं तेच माहीत नसेल तर पुढचा कुठलाही आकडा उगाच मोठा नाहीतर उगाच छोटा वाटत राहतो.

८ जानेवारी

मोजण्यातच गाडी अडली. घरून काम केलं त्या दिवशी फोनमध्ये पावलं इतकी कमी दिसली की विश्वासच बसेना, मग लक्षात आलं की घरात फोन टेबलावर पडलेला असतो आणि मी त्याच्याशिवाय फिरत असते. मनात शंभर मोजत चालून पाहिलं. फोन खिशात असला की जवळपास बरोबर, बॅगेत असला की बरीच कमी, आणि सामानाची ट्रॉली ढकलताना हातातलं घड्याळ (भावाचं, उसनं घेतलेलं) जवळपास काहीच मोजत नाही कारण हात हलतच नाही. शिवाय बरीचशी यंत्रं सलग काही पावलं पडल्याशिवाय मोजणं सुरूच करत नाहीत, म्हणजे खुर्चीतून उठून चार पावलं गेलो आणि आलो तर ती हिशोबातच धरली जात नाहीत. आई हळू चालते, तिची पावलं तर फोन आणखीच गाळतो.

शेवटी कमरेला अडकवायचे, पावलं मोजणारे साधे पेडोमीटर दोघींसाठी घेतले. आकडा अगदी बरोबर नसला तरी चालेल, रोज तेच यंत्र त्याच जागी लावलं की वाढ-घट कळते आणि आपल्याला तेवढंच हवंय. आईचा मी कमरेच्या हाडाजवळ बाजूला लावला, पोटावर लावला तेव्हा तो तिरका होऊन कमी मोजत होता.

१२ जानेवारी

आठवड्याचा हिशोब: घरून काम केलं की माझी साधारण तीन हजार, ऑफिसच्या दिवशी साडेचार-पाच हजार. आईची अडीच हजारांच्या आसपास. पाच हजारांच्या खाली असलेल्यांना या विषयात काम करणारे बैठ्या जीवनशैलीचे धरतात, म्हणजे आम्ही दोघीही त्यातच.

आता टार्गेट. सगळे दहा हजार म्हणतात. तो आकडा आला १९६५ च्या सुमाराला जपानमधून, तिथे 'मानपो-केई' म्हणजे दहा हजार पावलं मोजणारा अशा नावाचा पेडोमीटर विकायला आला आणि नावातला आकडा जगभर पसरला. तपासणीतून निघालेली सीमा नव्हती ती. २०१९ मध्ये सरासरी ७२ वयाच्या सोळा हजारांहून जास्त बायकांवरचा अमेरिकेतला अभ्यास आला, त्यात दिवसाला ४,४०० च्या आसपास पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा ४१ टक्के कमी दिसलं आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. यातला काही भाग असाही असणार की ज्यांची तब्येत मुळात बरी तेच जास्त चालतात, ते लक्षात ठेवून सुद्धा आईसाठी हा आकडा मला फार धीर देणारा वाटला. अडीच हजारांवरून साडेचार हजार ही तिला जमण्यासारखी गोष्ट आहे. दहा हजार सांगितले असते तर तिने पहिल्याच दिवशी पेडोमीटर कपाटात ठेवला असता.

२००७ मध्ये २६ अभ्यास एकत्र करून पाहिलेलं एक विश्लेषण आहे, त्यात पेडोमीटर लावणाऱ्यांची पावलं दिवसाला साधारण अडीच हजारांनी वाढली, आणि समोर ठरलेलं टार्गेट असणं हे त्यात महत्त्वाचं निघालं. त्यामुळे दोघींचं टार्गेट आत्ताच्या आकड्याच्या वर दोन हजार. ते टिकलं की मग पुढचं.

२० जानेवारी

टार्गेट गाठायला सुरू केलेली सकाळची अर्ध्या तासाची फेरी बंद केली. पहिले काही दिवस छान गेलं, मग सगळं घसरलं. का घसरलं ते नीट बघितलं, कारण आळस म्हणून सोडून दिलं तर काहीच हाती लागत नाही.

एक, अर्धा तास हा अर्धा तास नसतो. उठून आवरणं, शूज, परत येऊन घाम वाळेपर्यंत थांबणं, अंघोळ, असं धरलं की सकाळचा पाऊण ते एक तास जातो आणि तो झोपेतूनच जातो. दोन, दिवसात कुठेही ताण आला, रात्री उशिरा कॉल झाला, कोणी पाहुणे आले, की पहिली कात्री याच फेरीला लागते कारण ती नाही केली तर त्या दिवशी कोणाचंच काही अडत नाही. तीन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, फेरी झाली त्या दिवशी मी उरलेला दिवस आणखी निवांत बसले. आकड्यात स्पष्ट दिसतंय, सकाळी तीन हजार मिळवले आणि दिवसभरात हजारभर घालवले.

ज्यांना सकाळची फेरी जमते त्यांनी ती अजिबात सोडू नये. पण माझ्यासारख्या वेळापत्रकात तिच्यावर सगळी मदार ठेवता येणार नाही. आता उलटं करून बघायचं: जी कामं नाही केली तर अडतं, त्याच कामांमध्ये अंतर घालायचं.

२३ जानेवारी

कागदावर दिवसभरात खुर्चीतून उठणं भागच पडतं अशा सगळ्या गोष्टी लिहून काढल्या. पाणी, टॉयलेट, प्रिंट, फोनवरची बोलणी, चार्जर, कचरा टाकणं, जाणं-येणं, किरकोळ सामान. आईने तिची यादी सांगितली, तिची माझ्यापेक्षा मोठी निघाली. घरातल्या कामात ती दिवसभर उभी असते पण चालत नाही, सगळं हाताशी लावून ठेवलंय तिने.

३० जानेवारी

यादीतल्या गोष्टी एकेक करून लावल्या. आठवड्यानंतर कुठलं चाललं आणि कुठलं नाही:

पाण्याची मोठी बाटली टेबलावरून हटवली, त्या जागी छोटा पेला. पेला संपला की उठावंच लागतं. काहीही लक्षात ठेवायला लागत नाही, तहान आपोआप उठवते. हे सगळ्यात सोपं आणि पहिल्या दिवसापासून चालू आहे. फोनचा चार्जर दुसऱ्या खोलीत, कचऱ्याची टोपली टेबलाखालून काढून दाराशी, हेही तसंच चाललं. ऑफिसात वरच्या मजल्यावरचं टॉयलेट वापरायचं ठरवलं होतं ते अर्धंमुर्धंच जमतंय, मीटिंगच्या मध्ये पाच मिनिटं मिळाली की जवळचंच गाठलं जातं.

दर तासाला गजर हा प्रकार मात्र पूर्ण फसला. हा उपाय सगळीकडे सांगतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. गजर वाजतो तेव्हा आपण हमखास कशाच्या तरी मध्यावर असतो, एखादं वाक्य अर्धं, एखादा हिशोब डोक्यात, आणि तेव्हा उठणं म्हणजे तो धागा तोडणं. मग दोन मिनिटांनी उठू म्हणून गजर बंद केला जातो आणि काही दिवसांनी तो बंद करायची बोटांना इतकी सवय होते की वाजलेला सुद्धा कळत नाही. त्याऐवजी आता घड्याळ सोडून कामाच्या शेवटाला बांधलंय: मोठा मेल पाठवला की उठायचं, कॉल संपला की उठायचं, फाईल सेव्ह करून बंद केली की उठायचं. काम संपलेलं असतं तेव्हा उठायला मनाची ना नसते. 'अमुक झालं की तमुक करेन' असं आधीच ठरवून ठेवलं तर ते पार पडण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात बरंच तपासून मांडलंय. आमच्याकडे तरी गजरापेक्षा हे कितीतरी जास्त टिकलंय.

३ फेब्रुवारी

फोनवर बोलताना चालणं. यातून मला सगळ्यात जास्त पावलं मिळतायत त्यामुळे बारकावे लिहिते.

सगळे कॉल चालत घ्यायचे असं ठरवलं तर पहिल्याच दिवशी सुटतं. ज्यात स्क्रीन दाखवायची किंवा लिहून घ्यायचं असतं ते बसूनच घ्यावे लागतात. पण ज्यात मी मुख्यतः ऐकणारी असते, आणि ज्यात एकाच माणसाशी नुसतं बोलायचं असतं, ते दोन्ही चालत होतात. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचे कॉल बघून त्यातले 'पायी' कुठले ते कॅलेंडरमध्येच लिहून ठेवते. ऐन वेळी ठरवायचं म्हटलं की खुर्ची जिंकते.

हातात फोन धरून चाललं की खांदा आणि मान अवघडते, म्हणून हेडसेट हवा. वाऱ्याचा आवाज समोरच्याला फार जातो, बाहेर गेलात तर आडोसा बघा. वाटेत पायपुसण्याची दुमडलेली कड, वायर, अर्धवट उघडलेलं दार असलं की दर फेरीला डोळे तिकडे जातात आणि बोलण्यातलं लक्ष उडतं, वाट आधी मोकळी करून घ्या. आणि एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती: छोट्या जागेत एकाच दिशेने गोल गोल फिरलं की एकाच पायावर वळणाचा सगळा भार येतो, माझा डावा घोटा त्यानेच दुखायला लागला. आता कॉलच्या मध्यावर दिशा उलटी करते आणि जमेल तिथे गोल न फिरता सरळ लांब येरझाऱ्या घालते. दुखणं गेलं.

९ फेब्रुवारी

जिना. चढायला दम लागतो म्हणून मी चढण्याची धास्ती घेतली होती, त्रास झाला तो उतरण्याचा. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आपलं वजन तोलतो आणि त्या प्रकारच्या कामाची सवय नसली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. आईच्या गुडघ्यांना तर उतरणं जास्तच टोचतं. उपाय सोपा होता: चढायचं पायाने, उतरायचं लिफ्टने. आई फक्त एक मजला, कठडा धरून, आणि गुडघा दुखत असेल त्या दिवशी तोही नाही. मी पण दोन मजल्यांनीच सुरुवात केली आणि उरलेल्या मजल्यांना लिफ्ट, दर आठवड्याला एक मजला वाढवतेय.

जेरेमी मॉरिस यांचा लंडनच्या बसवाल्यांवरचा १९५३ चा अभ्यास या विषयातला पाया मानला जातो. दुमजली बसचे ड्रायव्हर दिवसभर बसलेले, कंडक्टर दिवसभर जिन्यावर वर-खाली, आणि हृदयविकार कंडक्टर लोकांमध्ये कमी आणि आला तरी सौम्य. पुढे त्याच माणसाने गणवेशाच्या पॅंटींची मापं तपासली तर ड्रायव्हर लोकांच्या कमरा नोकरीच्या सुरुवातीपासूनच जाड निघाल्या, म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही, आणि हे त्यांनी स्वतःच छापलं. असा अभ्यासक मला फार आवडतो. आमच्या कामाची गोष्ट एवढीच की ते कंडक्टर व्यायाम म्हणून जिना चढत नव्हते, तिकिटं काढायला चढत होते.

१७ फेब्रुवारी

चालणं थांबलंय. नडगीच्या आतल्या बाजूला, खालच्या अर्ध्यात, दुखतंय, दाबलं की जास्त. शनिवार-रविवारी हुरूप आला म्हणून एकदम दुप्पट चालणं झालं आणि तेही जुन्या शूजमध्ये. दम आणि स्नायू लवकर तयार होतात पण हाड आणि स्नायू हाडाला जोडणारे पट्टे (टेंडन) हळू तयार होतात, त्यामुळे 'मला अजून चालवतंय की' हा भरवशाचा इशारा नाही.

२८ फेब्रुवारी

दहा-बारा दिवस त्यात गेले. सुरुवातीला फक्त घरातली कामं, मग सपाट जागी थोडं थोडं, दुसऱ्या दिवशी दुखलं नाही तरच पुढे. दाबून एकाच बोटाएवढ्या जागी दुखत असेल, किंवा रात्री झोपेत ठणकत असेल, तर घरगुती उपाय न करता दाखवून यावं, हाडाला बारीक चीर असू शकते. माझं तसं नव्हतं.

शूज बदलले. या सगळ्या प्रकल्पातला मोठा खर्च हाच, आणि तो टाळू नये असं माझं मत झालंय. जुने शूज वरून चांगले दिसत होते. टेबलावर ठेवून मागून पाहिले तेव्हा दोन्ही टाचा बाहेरच्या बाजूला झुकलेल्या, आणि मधला फोमचा थर अंगठ्याने दाबला तर दबतच नव्हता. पळणारे लोक साधारण ५०० ते ८०० किलोमीटरला शूज बदलतात, चालणाऱ्यांचे थोडे जास्त टिकतील पण फोम वापर नसला तरी वर्षांनी कडक होतोच. विकत घेताना संध्याकाळी जा, तेव्हा पाय जरा सुजलेले असतात, आणि अंगठ्याच्या पुढे बोटभर जागा राहिली पाहिजे. आईच्या चपलांना मागे पट्टा नव्हता, ती बोटांनी चप्पल धरून चालत होती आणि पोटऱ्या दुखतात म्हणत होती. तिलाही पट्टा आणि चांगली पकड असलेली जोडी घेतली. दोन दिवसांत म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलंस गं?"

नवा नियम: आठवड्याची सरासरी पाचशे-हजार पावलांपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि शनिवार-रविवार बाकीच्या दिवसांसारखेच.

६ मार्च

आईचं जेवणानंतरचं चालणं. तिच्या साखरेसाठी मला हेच सगळ्यात उपयोगाचं वाटतं. जेवणानंतर रक्तात साखर वाढत असते आणि नेमकं तेव्हाच पायाचे स्नायू हलले तर ते इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर आत ओढून घेतात. २०१३ मध्ये साठीच्या पुढच्या, साखर वाढायचा धोका असलेल्या लोकांवर एक छोटा प्रयोग झाला होता: तिन्ही जेवणांनंतर पंधरा पंधरा मिनिटं चालल्याने दिवसभराची साखर सुधारली, आणि रात्रीच्या जेवणानंतरच्या साखरेला तर सलग ४५ मिनिटं एकदाच चालण्यापेक्षा याचा जास्त उपयोग झाला.

आता प्रत्यक्षात काय झालं. रात्री जेवून बाहेर जायला ती तयार नाही. अंधारात ठेच लागायची भीती, आणि ती रास्तच आहे, या वयात पडणं परवडत नाही. घरातल्या घरात चाल म्हटलं तर म्हणाली, "नुसतं काय भिंती मोजत फिरू? तू चाल, मी बसते." दोन-तीनदा आग्रह केला तर ती चिडली आणि मला पटलं की आग्रहाने एक दिवस होईल, रोज नाही होणार.

मग तिच्याच यादीत शोधलं. मावशीशी ती रोज रात्री फोनवर बोलते, वीस मिनिटं तरी, सोफ्यावर बसून. तो फोन जेवणानंतर लगेच करायचा आणि कानात हेडसेट घालून चालत बोलायचं एवढंच सुचवलं. मावशीला पण सांगितलं, तिने तिच्या घरी चालायला सुरुवात केली. आता दोघी बोलत बोलत आपापल्या घरी फिरतात आणि मावशीच विचारते, "चालतेयस ना गं? आवाज बसल्यासारखा येतोय." दुपारच्या जेवणानंतर आवराआवर करताना भांडी एकदम न उचलता दोन-दोन करून नेते. पंधरा मिनिटं भरत नाहीत पण काही मिनिटांचं हलकं चालणं सुद्धा बसून राहण्यापेक्षा साखरेला बरं, असं नंतरच्या अभ्यासांतही दिसलंय.

ज्यांना इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी जेवणाच्या वेळेजवळचं चालणं डॉक्टरांना विचारूनच वाढवावं, साखर फार उतरू शकते. पायाला बधिरपणा असेल तर घरातही अनवाणी चालू नये आणि रोज तळवे बघावेत.

१५ मार्च

पावलं वाढली, माझी सरासरी सहा हजारांच्या वर गेली, पण दम लागणं फारसं कमी झालेलं नाही. थोडी निराश झाले होते. मग लक्षात आलं की वाढलेली जवळपास सगळी पावलं हळू आहेत. पेला भरायला कोणी झपाझप जात नाही.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम मेहनत सांगते. पूर्वी ती एका वेळी किमान दहा मिनिटं तरी सलग हवी अशी अट होती, २०२० च्या शिफारशींमध्ये ती अट काढून टाकली, त्यामुळे दोन-दोन मिनिटांचे तुकडे सुद्धा धरले जातात. पण मेहनत मध्यम हवी ही अट आहेच. चालण्यात मध्यम म्हणजे मोठ्या माणसांसाठी ढोबळ मानाने मिनिटाला १०० पावलं. घड्याळ लावून दहा सेकंद मोजा, सतरा आली की झालं. माझ्या घरातल्या येरझाऱ्या ऐंशीच्या आत निघाल्या. वयस्क माणसांना आकड्यापेक्षा बोलण्याची चाचणी बरी: बोलता येतंय पण गाता येणार नाही, इतपत.

म्हणून दिवसात एकच टप्पा भरभर चालायचा ठेवला, ऑफिसहून येताना एक स्टॉप आधी उतरून घरापर्यंत. हाच प्रयोग आधी सकाळी जाताना केला होता तो टिकला नाही, कारण सकाळी पोचायची वेळ ठरलेली असते आणि बस पाच मिनिटं उशिरा आली की आधी उतरायची हिंमतच होत नाही. संध्याकाळी कोणी घड्याळ घेऊन उभं नसतं. ज्यांना प्रवास आखायचाय त्यांनी हे आधीच लक्षात घ्या, परतीचा रस्ता निवडा.

वेग वाढवायला मी आधी लांब ढांगा टाकल्या, त्याने टाच जोरात आपटते आणि नडगी परत कुरकुरायला लागली. पाऊल छोटंच ठेवून पटपट टाकायचं, कोपर दुमडून हात हलवायचे, हात पटपट हलले की पाय मागून येतात. नजर जमिनीवर नको, पुढे. तोच रस्ता, तेच दोन खांब, मध्ये किती वेळ लागतो एवढंच आठवड्यातून एकदा बघते.

२९ मार्च

दोन आठवडे कामाचा डोंगर आणि त्यात पाऊस. काय उरलं आणि काय गेलं ते बघायला ही चांगली परीक्षा होती. उरलं: पेला, चार्जर, जिना, पायी घ्यायचे कॉल, आईचा मावशीचा फोन. गेलं: संध्याकाळचा भरभर टप्पा, पूर्ण. म्हणजे जे जे कामाला चिकटलेलं होतं ते राहिलं आणि जिथे दर वेळी 'आज उतरू का नको' असा निर्णय घ्यावा लागत होता ते गेलं.

दुरुस्ती अशी केली: ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये छत्री आणि मोज्यांची जादा जोडी (ओले मोजे म्हणजे फोड, हे पण कळलं). आणि रोजचं लागणारं किरकोळ सामान त्या आधीच्या स्टॉपजवळून घ्यायचं. आता तिथे उतरायला कारण आहे. आठवड्याची एकदम खरेदी बंद करून थोडं थोडं आणायचं, त्यामुळे ओझंही हलकं.

मधे बुडालं म्हणून सगळं पहिल्यापासून, असं नसतं. २०१० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने सवय अंगवळणी पडायला किती वेळ लागतो ते मोजलं, मधला आकडा ६६ दिवस निघाला पण माणसागणिक १८ ते २५४ दिवस इतका फरक, आणि एखादी खेप चुकल्याने फारसं बिघडत नाही असंही त्यात दिसलं. हा २५४ वाला आकडा मी आईला मुद्दाम सांगितला. तिला वाटत होतं तिलाच जमत नाहीये.

१२ एप्रिल

सामान आणण्याबद्दल. एका हातात पिशवी घेऊन चाललं की कंबर एका बाजूला झुकते, अंतर जास्त असेल तर पाठीवरची सॅक घ्या किंवा दोन हातात सारखं वाटून घ्या. जड काही असेल तर जाताना पायी, येताना बस. घरात आता दीड किलोमीटरच्या आतलं काम पायी असा नियम झालाय. किलोमीटरला मला बारा मिनिटांच्या आसपास लागतात, आणि गाडी काढणं, जागा शोधणं, लावणं, परत काढणं हे धरलं तर इतक्या अंतरात वेळेचा फरक फारच थोडा पडतो. हे मी घड्याळ लावून ताडून पाहिलं कारण घरात कोणाला पटत नव्हतं.

फूटपाथ नसेल तिथे समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने चाला, संध्याकाळी फिकट कपडे किंवा चमकणारी पट्टी, आणि रस्त्यावर एक कान मोकळा ठेवा. चालत कॉल घ्यायचे ते घरात किंवा आवारात, रहदारीत नाही.

३ मे

ऑफिसमध्ये दोघांनी मिळून करायची बोलणी आता चालत करतो. मैत्रिणीनेच सुचवलं. तिघांपेक्षा जास्त झाले की मागच्याला ऐकू येत नाही, दोघंच बरे. अवघड विषय शेजारी चालत बोलायला सोपा जातो हेही जाणवलं. मुद्दे मात्र परत आल्यावर लगेच लिहून काढायचे, नाहीतर विसरतात.

१७ मे

सध्याची स्थिती. माझी सरासरी साडेसात हजारांच्या आसपास, त्यातली वीसेक मिनिटं भरभर. चार मजले न थांबता चढते, वर पोचल्यावर बोलता येतं. आई पाच हजारांच्या जवळपास. जेवणानंतरची साखर आम्ही घरी त्याच वेळेला, तशाच जेवणानंतर मोजतो, सुटा एखादा आकडा धरत नाही, आणि सरासरी खाली आलीये. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी पुढच्या महिन्यात आहे, खरं काय ते त्यात कळेल. गुडघे दुखणं कमी आहे असं ती स्वतः म्हणते. मी विचारलं नव्हतं.

वजन दोघींचं जवळपास तेवढंच. हे आधीच सांगून ठेवते कारण बरेच जण इथेच सोडतात. दोन हजार पावलं म्हणजे दीड किलोमीटरच्या आसपास, त्यात सत्तर किलोच्या माणसाच्या साधारण ७०-८० कॅलरी जातात, खाणं तेच असेल तर काट्यावर लगेच काही दिसणार नाही. दम, झोप, साखर यात आधी दिसतं, ते बघा.

अजून अडलेलं: घरून काम करायच्या दिवशी भरभर टप्पा नाही, कारण त्या दिवशी परतीचा रस्ताच नाही. दोन गोष्टी डोक्यात आहेत, एक म्हणजे सामानाचं काम त्या दिवसांवर ढकलायचं, आणि दुसरं म्हणजे मावशीकडचं जाणं-येणं. ती चालत पंधरा मिनिटांवर राहते आणि आई परवा म्हणाली की फोनवर बोलण्यापेक्षा अर्ध्या वाटेवर भेटलो तर. उजेड असताना, संध्याकाळी सहाच्या आत. बाकं कुठे कुठे आहेत ते उद्या बघून येते, तिला मधे टेकायला दोन तरी लागतील.